पुढचं चाक ओढत नाही? ट्रान्सफर केस उघडण्याआधी हे बघा | जुनी फोर-व्हील पिकअप

राम राम मंडळी. आज मागे उभी आहे ती जुनी फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप. आपल्या खान्देशात अशा गाड्या अजून भरपूर आहेत. कुणाकडे बोलेरो कॅम्पर आहे, कुणाकडे झेनॉन, कुणी गेटअवे सांभाळून ठेवलीय. रावेर-यावलकडे केळीच्या बागेतून घड बांधापर्यंत काढायचे असतील, किंवा तळोद्याहून चांदसैली घाट चढून पावसात धडगावला माल पोचवायचा असेल, तर या गाडीला पर्याय नाही.

यातल्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं एकच. गॅरेजला येणारा माणूस सांगतो, "भो, लाइट लागस, पन पुढलं चाक वढत नही." फोर-एच, म्हणजे नेहमीच्या वेगासाठीचं फोर-व्हील, लावलं, डॅशबोर्डवर हिरवा दिवा आला, आणि काळ्या जमिनीत मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरताहेत. पुढची मुकाट उभी. आणि मग पहिला सल्ला मिळतो तो ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा, खोलायचा.

थांबा. ट्रान्सफर केस सगळ्यात शेवटी. ताकद कुठपर्यंत येते आणि कुठे थांबते, हे खोलाखोल न करता घरच्या अंगणात कळतं. ते कळल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

(कॅमेरा गाडीखाली)

आधी रस्ता समजून घ्या. इंजिन, गिअरबॉक्स, त्याच्या मागे हा ट्रान्सफर केस. इथून एक प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे लांब फिरता दांडा, मागे जातो, तो कायम फिरतो. दुसरा पुढे जातो, तो फोर-एच लावल्यावरच जोडला जातो. पुढच्या शाफ्टवरून ताकद पुढच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटणाऱ्या गोळ्यात, तिथून डावा-उजवा हाफ शाफ्ट, आणि शेवटी चाकातलं हब. जुन्या पिकअपमध्ये हे हबसुद्धा लॉक व्हावं लागतं, म्हणजे चाक हाफ शाफ्टला जोडलं जावं लागतं. काही गाड्यांत हबऐवजी एक्सलवरच जोड-तोडची सोय असते, पण तपासायची रीत तीच.

म्हणजे दोन जागी जोडणी व्हायला हवी: ट्रान्सफर केसमध्ये आणि चाकापाशी. दिवा बहुतेक गाड्यांत ट्रान्सफर केसवरच्या स्विचवरून लागतो. हब लॉक झालं की नाही, याची त्या दिव्याला खबरच नसते. उलटही होतं. तो छोटा स्विच खराब असेल तर फोर-व्हील व्यवस्थित लागलेलं असतं आणि दिवा मात्र येत नाही. म्हणून दिव्यावर निर्णय नको, चाकावर निर्णय घ्या.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण इथेच लोक फसतात. दोन्ही हब लॉक व्हायला हवेत. एक जरी सुटं राहिलं तरी पुढची दोन्ही चाकं मेली. औताला दोन बैल जुंपले आणि एकाचं जोतं सुटलं, तर दुसऱ्यानं कितीही जोर लावला तरी औत सरळ जात नाही, तसं हे आहे. साधं डिफरन्शियल ताकद सोप्या बाजूला सोडून देतं. सुट्या बाजूचा हाफ शाफ्ट आतल्या आत फिरत राहतो आणि चांगल्या बाजूच्या चाकाला काही मिळत नाही. म्हणजे पुढचं काहीच ओढत नसलं तरी बिघाड फक्त एका हबमध्ये असू शकतो.

(गाडी सपाट फरशीवर)

आता परीक्षा. जागा सपाट आणि कडक हवी. फोर-एच लावा, गाडी दोन-तीन फूट सरळ पुढे-मागे घ्या म्हणजे आतले दात बसतात. मग हँडब्रेक पक्का, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड, इंजिन बंद, किल्ली खिशात, गिअर न्यूट्रल. पुढचं एक चाक जॅकवर उचला आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कुणीही खाली वाकायचं नाही.

आता उचललेलं चाक हातानं फिरवा. दुसऱ्या माणसाला खाली बघायला सांगा.

चाक जरासं हलून अडलं, तर सगळं जोडलेलं आहे. तेवढी ढिलाई गिअरच्या दातांमुळे असतेच. दुसऱ्या बाजूनेही एकदा करून बघा.

चाक मोकळं फिरतंय आणि त्याच बाजूचा हाफ शाफ्ट स्थिर आहे? मग याच चाकाचं हब लागलेलं नाही.

चाकाबरोबर हाफ शाफ्ट फिरतोय, आणि समोरच्या बाजूचा हाफ शाफ्ट उलटा फिरतोय? मग हे हब ठीक, समोरचं सुटं.

चाकाबरोबर पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरतोय? मग दोन्ही हब लागलेत, ट्रान्सफर केसमध्ये जोडणी झालेली नाही.

आडव्या पाइपाचा बंद एक्सल असेल तर हाफ शाफ्ट दिसत नाही. तिथे नकलपाशी, म्हणजे चाक वळतं त्या सांध्यापाशी, जॉइंट उघडा दिसत असेल तर त्याच्याकडे बघा. आणि दोन ठिकाणी बिघाड असेल तर एक दुसऱ्याला झाकतो, म्हणून एक दुरुस्त केलं की परीक्षा पुन्हा करा.

व्हॅक्यूमच्या, म्हणजे हवेच्या ओढीवर आपोआप लागणाऱ्या हबवाल्यांनो, तुमच्यासाठी थोडं वेगळं. इंजिन बंद केल्यावर काही गाड्यांत हब सुटतं, त्यामुळे ही परीक्षा खोटी ठरू शकते. तुम्हाला हातपंप, म्हणजे हातानं व्हॅक्यूम देणारा काटेवाला छोटा पंप लागेल. तिथंच येतोय आता.

(चाकाजवळ)

हब. हातानं फिरवायचं डायलवालं असेल, तर ते फ्री आणि लॉकच्या मध्येच अडकलेलं नाही ना बघा. वर्षानुवर्षं न वापरल्यामुळे आतलं ग्रीस सुकून घट्ट होतं. खोला, रॉकेलनं धुवा, वाळवा आणि अगदी पातळ थर ग्रीस लावा. आपल्याकडे मायेनं मूठभर ग्रीस कोंबतात. ते चुकीचं आहे. ग्रीस भरलं की आतली कडी सरकतच नाही आणि हब पुन्हा अडकतं. बेअरिंगला ग्रीस भरपूर, हबच्या यंत्रणेला थोडं.

व्हॅक्यूमच्या हबचा बिघाड आपल्या भागात जास्त, आणि त्याचं कारण आपलं ऊन. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो. बोनेटखाली त्याहून किती तरी जास्त. रबरी नळ्या कडक होतात, टोकाला चिरतात. नळी वरून धडधाकट दिसते, पण सोलेनॉइडला, म्हणजे व्हॅक्यूम सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हला, जिथे बसते तिथे वाकवून बघा, बारीक चीर उघडते. आणि गाडी शेतातल्या शेडमध्ये, कापसाजवळ उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेली नळीही सापडेल.

सुरुवात पंपापासून करा. डिझेल इंजिनला पेट्रोलसारखं स्वतःचं व्हॅक्यूम नसतं, म्हणून वेगळा पंप असतो, बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे. हाच पंप ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरलाही व्हॅक्यूम देतो. तेव्हा ब्रेकचं पेडल कडक लागत असेल, तर फोर-व्हील विसरा, आधी पंप आणि मुख्य नळी बघा. तशी भरलेली गाडी घाटात घालू नका.

पंप चांगला असेल तर सोलेनॉइडकडे या. इंजिन चालू ठेवून दुसऱ्याला फोर-एच लावायला सांगा. सोलेनॉइडवर बोट ठेवलं की 'टक' लागायला हवं. टक नाही, तर तिथे करंट येतोय का ते मीटरनं तपासा. टक आहे, तर बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडावर बोट ठेवून बघा, ओढ जाणवली पाहिजे. ओढ नसेल तर सोलेनॉइड आतून चोंदलंय, किंवा त्याच्याकडे येणारी नळी चिरलीय.

ओढ आहे तरी हब लागत नाही? आता हातपंप. इंजिन बंद, चाकाकडे जाणारी नळी काढून पंप जोडा, व्हॅक्यूम द्या. काटा जागेवर थांबला आणि हब लागलं, तर हब चांगलं, बिघाड मागे नळीत. काटा हळूहळू खाली आला तर चाकाकडचं सील गेलंय. काही गाड्यांत व्हॅक्यूम नकलमधून आत जातं आणि सीलच्या भरवशावर टिकतं. चिखलपाणी शिरलं की ते सील जातं, आणि मागोमाग बेअरिंगही. काही गाड्यांत हब लावायला एक नळी, सोडायला दुसरी असते. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नाहीतर अदलाबदल होते.

बरेच जण व्हॅक्यूमचं हब काढून हाताचं बसवून घेतात. शेतीच्या गाडीसाठी मला ते पटतं. फक्त बागेत शिरण्याआधी, कोरड्यात उभं राहून लॉक करायची सवय ठेवा. रुतल्यावर चिखलात हात घालून डायल शोधणं फार अवघड जातं.

(पुन्हा गाडीखाली)

आता दुसरी बाजू, ट्रान्सफर केस जोडत नाही. लीव्हर असेल तर काम सोपं. एकानं लीव्हर हलवायचा, दुसऱ्यानं खालचा दांडा बघायचा. झिजलेले बुश, लीव्हरखाली वाळलेला चिखल, फाटलेलं रबरी बूट. लीव्हर पूर्ण येतो आणि दांडा अर्धाच सरकतो, इतकंच असतं बहुतेकदा.

स्विचची गाडी असेल तर ट्रान्सफर केसच्या पाठीवर ही मोटार असते. इग्निशन चालू, इंजिन बंद, स्विच फिरवा आणि कान द्या. घर्र असा छोटा आवाज यायला हवा. काहीच आवाज नाही, तर फ्यूज, रिले, आणि मग हा कनेक्टर. हा नेमका चिखल उडतो तिथे असतो. काढा, आतल्या पिना हिरव्या पडल्यात का बघा, साफ करा. अर्थिंगची तार गंजलेली असेल तर घासून घट्ट करा. बॅटरीही मोजा. भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. ही मोटार सुरुवातीला बराच करंट ओढते. मरतुकड्या बॅटरीवर ती अर्ध्यात थांबते आणि दिवा लुकलुकत राहतो.

करंट येतोय आणि मोटार गप्प आहे, तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं मोटारीला हलके ठोके द्या. चालू झाली, तर आतले ब्रश न वापरल्यामुळे अडकलेत. ही परीक्षा झाली, दुरुस्ती नाही. मोटार उतरवून साफ करावीच लागेल. आवाज येतो, दिवा मात्र लुकलुकतो, तर गाडी थोडी पुढे-मागे घ्या. तरीही स्थिर झाला नाही, तर मोटारीची जागा ओळखणारा सेन्सर किंवा आतला शिफ्ट फोर्क, म्हणजे जोडणी सरकवणारा काटा, बघावा लागेल.

फक्त फोर-एल, म्हणजे कमी वेगाचं, जास्त ओढीचं फोर-व्हील लागत नसेल तर लगेच बिघाड समजू नका. त्यासाठी गाडी पूर्ण थांबलेली, गिअर न्यूट्रल, क्लच दाबलेला हवा. स्विचच्या गाडीत क्लचपाशी एक छोटा स्विच असतो. तो गेला की गाडीला वाटतं क्लच दाबलेलाच नाही, आणि ती फोर-एल घेत नाही. स्वस्त पार्ट आहे, आधी तो बघा.

टायर पण बघा. पुढे नवे, मागे गुळगुळीत, किंवा मापच वेगळं, तर शाफ्टमध्ये ताण धरला जातो. मग फोर-व्हील लागायला किंवा सुटायला त्रास होतो. कोरड्या डांबरावर फोर-एच लावून वळणं घेतली तरी तेच. सुटत नसेल तर लीव्हरशी मारामारी न करता सरळ थोडं रिव्हर्स घ्या, ताण उतरतो.

इतकं सगळं बरोबर निघालं आणि तरी प्रोपेलर शाफ्ट जोडला जात नसेल, किंवा लोड आल्यावर खाली कटकट करत साखळी उडी मारत असेल, तर खुशाल ट्रान्सफर केस उघडा. आता तो खर्च योग्य आहे. जुन्या तेलात चकाकणारा चुरा आहे का बघा, साखळी आणि फोर्क तपासून घ्या. बंद करताना तेल मात्र मॅन्युअल बघूनच. साखळीच्या बऱ्याच ट्रान्सफर केसमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल, म्हणजे एटीएफ लागतं. जुन्या जीपच्या गिअरवाल्या ट्रान्सफरला गिअर ऑइल चालतं, म्हणून सवयीनं इथेही नव्वद नंबरचं गिअर ऑइल ओततात. तसं करू देऊ नका, समोर उभे राहा.

आणि गाडी परत आली की आधी रिकामी न्या, नुकतं पाणी दिलेल्या बागेच्या कडेला. फोर-एच लावा, सावकाश चालवा, आणि एका माणसाला बाजूला उभं करून पुढच्या चाकांवर नजर ठेवायला सांगा. दोन्ही माती उडवायला लागली की मग घड भरा.