फोन काढून घेणार नाही, हे आधी सांगा

(मेलबर्नमधल्या आपल्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. तिळगूळ मघाशी घेऊन झालाय, त्यामुळे थोडं कडू बोलले तर चालवून घ्या. मी यवतमाळ जिल्ह्यातली. दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर नोकरी केली, आता निवृत्त आहे. लेकीकडे आले म्हटल्यावर मंडळाने मुलं आणि सोशल मीडिया यावर बोलायला सांगितलं. इथल्या मुलांबद्दल मी काय सांगणार? आमच्याकडच्या पोरांबद्दल बोलते. त्यातली बरीचशी तुमचेच भाचे-पुतणे आहेत.

तुमच्याकडे १० डिसेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला. सोळाच्या आतल्या मुलाचं इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूबवर खातं राहू द्यायचं नाही. मला त्यातली वयापेक्षा दंडाची गोष्ट जास्त पटली. दंड मुलाला नाही, आईबापाला नाही. कंपनीला, तोही ४.९५ कोटी डॉलरपर्यंत. आमच्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानंही २०२२ मध्ये ठराव केला, अठराच्या आतल्या पोरांनी मोबाइल वापरायचा नाही म्हणून. मोडला तर दंड. त्या गावच्या आयांची तळमळ मला कळते. पण ग्रामपंचायत कॅलिफोर्नियातल्या कंपनीला दंड कुठून लावणार? ती गावातल्याच घराला लावणार. आणि घरात दंडाची भीती आली की पोरगं फोन सोडत नाही, लपवायला शिकतं.

फोन आमच्याकडे घरोघरी पोचला तो २०१६ नंतर, नेट स्वस्त झाल्यावर. लेकरांच्या हातात हक्कानं आला लॉकडाऊनमध्ये. अभ्यास व्हॉट्सॲपवर येणार म्हणून बापानं कर्ज काढून घेतला. शाळा सुरू झाली, पण फोन काही परत गेला नाही. दिवाळीनंतर कापूस वेचायला मायबाप दोघंही वावरात. घरी आजी आणि फोन.

आता हे इन्स्टाग्रामचं खातं निघतं कसं, ते मी तालुक्याच्या एका मोबाइलच्या दुकानात उभं राहून पाहिलंय. सिम बापाच्या नावावर. दुकानदार एका हातानं दुसऱ्याचं रिचार्ज मारतोय आणि दुसऱ्या हातानं पोराला इन्स्टाग्राम काढून देतोय. जन्मतारीख विचारली की अंगठ्यानं सालं वर ढकलायची, जिथं थांबतील ते साल. झालं. सहावीतला पोरगा कंपनीच्या दफ्तरी एकोणचाळीस वर्षांचा बाप्या!

तुम्हाला हसू येतंय, पण सगळी मेख तिथंच आहे. भारतात फेब्रुवारी २०२५ पासून इन्स्टाग्रामनं ‘टीन अकाउंट’ आणलं. अठराच्या आतलं मूल असेल तर खातं आपोआप खासगी, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद. सोळाच्या आतल्याला ही बंधनं सैल करायची तर पालकाची परवानगी लागते. चांगलं आहे की. पण हे कुंपण एकोणचाळीस वर्षांच्या बाप्याला लागू होत नाही. त्याला वाटेल तो मेसेज करतो, वाटेल ते रील त्याच्यापुढे येतं. आपल्याकडे डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पुढे मुलांच्या माहितीसाठी पालकांची खात्रीशीर संमती घ्यावी लागणार आहे. मला एकच शंका आहे. आमच्या घरात ओटीपी वाचून दाखवतो कोण? तोच पोरगा.

आता जरा जड बोलते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. आठवीतली मुलगी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचली, कुणीतरी हौसेनं फोटो स्टेटसला टाकला. तिथून तो कुठल्याशा खोट्या खात्यावर गेला आणि तिला मेसेज यायला लागले, आणखी फोटो पाठव, नाहीतर हाच बिघडवून गावभर फिरवतो. हे आधी कुणाला कळलं? आईला नाही, मला नाही. खिचडी शिजवणाऱ्या मावशीला. ‘मॅडम, पोरगी ताटात हात फिरवते नुसता, जेवत नाई,’ असं ती मला सांगत आली. मुलीला वर्गाबाहेर नेलं तर पहिलं वाक्य काय? ‘बाबाले नोका सांगू मॅडम, शाया बंद करतीन माही.’

त्या धमकी देणाऱ्याचं सगळं भांडवल हे एवढंच होतं. पोरगी घरी सांगणार नाही, सांगितलं तर फोन जाईल, शाळा जाईल, वर्षभरात स्थळं पाहायला लागतील, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून मी पालकसभेत एकच घोकत आले: काहीही झालं तरी फोन काढून घेणार नाही आणि शाळा बंद करणार नाही, हे काही घडायच्या आधी लेकराला सांगून ठेवा. बापांना हे पटत नाही. एक जण म्हणाला, मग धाक कशाचा राहिला? मी म्हटलं, धाक त्या बदमाशाला वाटू द्या ना!

अशी धमकी आली तर मेसेज घाबरून पुसायचे नाहीत, तेच पुरावे. स्क्रीनशॉट काढा, समोरच्या खात्याचं नाव टिपा, मग खातं रिपोर्ट करून ब्लॉक. पैसे किंवा आणखी फोटो, काहीच द्यायचं नाही. दिलं की मागणी वाढते. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन रात्री-बेरात्रीही फुकट लागते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या अश्लील चित्रांची तक्रार नाव न देताही करता येते. असा फोटो पसरायची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. तिथं फोटो पाठवावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा आकड्यांचा ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो शोधून काढून टाकतात. गेममधले डायमंड फुकट देतो म्हणून कुणी ओटीपी काढून बापाचं खातं धुतलं, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हातचे गेले.

आणि एक तुमच्यासाठी. गावाकडे पाठवलेल्या जुन्या आयफोनचं कौतुक फार होतं, पण आत तुमचंच खातं, तुमचंच वय तसंच राहिलेलं असतं. पुसून द्या. नातवंडांचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकता, ते तिथून मामाच्या स्टेटसला, स्टेटसवरून गावाच्या ग्रुपला जातात. शाळेच्या गणवेशातला, शाळेचं नाव दिसणारा तरी टाकू नका. सुट्टीत घरी गेलात की पुतण्याशेजारी बसून त्याच्या खात्याची जन्मतारीख खरी करून घ्या. तेराच्या आतला असेल तर खातंच बंद होईल, तो दोन दिवस तुमच्याशी बोलणार नाही. तुम्ही परत विमानात बसणारच आहात, तेवढा राग काका-मावशीनं अंगावर घ्यायला हरकत नाही.