काकू गच्चीकडे का धावल्या?

श्रोतेहो, नमस्कार. एक वाक्य ऐका. 'नगरसेवकांनी आंदोलकांना परवानगी नाकारली, कारण त्यांना हिंसाचाराची भीती वाटत होती.' भीती कुणाला? नगरसेवकांना, हे तुम्ही मनात म्हणूनही टाकलंत. आता फक्त शेवट बदलू: 'कारण त्यांना हिंसाचार हवा होता.' झालं, बोट लगेच आंदोलकांकडे वळलं. (तुमचं बोट नगरसेवकांवरच राहिलं असेल, तर तेही अनुभवाचंच ज्ञान म्हणायचं!) व्याकरण दोन्हीकडे तेच. उत्तर आलं ते व्यवहारज्ञानातून.

ही जोडी मूळ इंग्रजीत टेरी विनोग्राड या अमेरिकन संशोधकाने 1972च्या सुमारास मांडली. 2011मध्ये संगणकशास्त्रज्ञ हेक्टर लेव्हेक यांनी अशाच जोड्यांची संगणकासाठी परीक्षा सुचवली. 2016ला न्यूयॉर्कमध्ये ती झाली, तेव्हा पहिल्या आलेल्या प्रोग्रामचीही जेमतेम 58 टक्के उत्तरं बरोबर निघाली.

इतकं अवघड का जावं? दोरीने वस्तू ओढता येते, ढकलता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, मार्विन मिन्स्की, हे उदाहरण देत. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक, म्हणून कुणी लिहीतच नाही. मग संगणकाने ती वाचायची कुठून? म्हणून डग्लस लेनाट या संशोधकाने 1984पासून टेक्सासमध्ये असली लाखो विधानं माणसांकरवी लिहवून घेतली. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात पुश सिंग आणि सहकाऱ्यांनी तर वेबवरून सामान्य लोकांनाच एकेक वाक्य मागितलं. मला हा मार्ग जास्त आवडतो. शहाणपण गोळा करायचं तर ते चारचौघांकडूनच.

पुढे प्रचंड मजकूर वाचलेली भाषा-मॉडेल्स आली आणि त्यांनी त्या जुन्या परीक्षेत नव्वदच्या वर गुण मिळवले. पण 'हिंसाचार' शब्दाशेजारी 'आंदोलक' शब्द वारंवार येतो, एवढ्यावरूनही उत्तर जुळू शकतं. म्हणून 2019मध्ये संशोधकांनी सुमारे 44,000 नवे प्रश्न जमवले आणि नुसत्या शेजारावरून ओळखू येणारे शक्य तितके गाळले. कालांतराने मॉडेल्सनी तिथेही मजल मारली. त्याला समज म्हणावं का, यावर जाणकारांत अजून वाद आहे.

हे सगळं इंग्रजीतलं. मराठीत प्रश्नपत्रिका काढायची तर माझा पहिला प्रश्न असा: 'आभाळ भरून आलं, तशा काकू गच्चीकडे धावल्या.' कशासाठी? वैशाख असेल तर कुरडया-पापड, आषाढ असेल तर दोरीवरचे कपडे. आणि काकू फ्लॅटमध्ये राहत असतील, तर आधी सोसायटीच्या गच्चीची किल्ली कुणाकडे आहे, तेही माहीत हवं.