चेक इंजिनची बत्ती आणि आपल्याकडची हवा

नमस्कार मंडळी. मी इंजिनियर नाही हे आधीच सांगून टाकतो, आयटीआय करून कणकवलीला गॅरेज टाकलं तेव्हापासून हात ग्रीसमध्येच आहेत, त्यामुळे व्याख्यान वगैरे शब्द माझ्यासाठी जरा मोठाच आहे. वडापवाले पण बसलेत आणि स्वतःची गाडी असलेले पण बसलेत, म्हणून सगळ्यांना कामाचं तेवढंच बोलतो.

डॅशबोर्डवर ती इंजिनाच्या आकाराची पिवळी बत्ती पेटते नं, ती नुसती पेटून राहिली असेल आणि गाडी नीट चालत असेल तर घाबरायचं काही नाही, सावकाश गॅरेजला आणा. पण ती लुकलुकायला लागली तर मात्र ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, कारण तेव्हा एखादा सिलेंडर मिस मारत असतो, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि तिथला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो, आणि त्याची किंमत ऐकलीत तर गाडीच विकावीशी वाटेल. आपल्याकडे २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-टू आलं, म्हणजे बिघाड झाला की गाडीचा कॉम्प्युटर त्याचा कोड लिहून ठेवतो, आणि स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात ब्लूटूथ डोंगल लावलं की मोबाईलवर कोड दिसतो. हजार रुपयाच्या आत मिळतं ते, घ्या.

आणि इथूनच घोळ सुरू होतो. कोड वाचला की लोकांना वाटतं आजार सापडला.

आचऱ्याचे एक गुरुजी आहेत, रिटायर झालेले, पेट्रोल गाडी आहे त्यांची. एक दिवस आले आणि म्हणाले, "अरे बाबा, पंधरा दिवसात तिसऱ्यांदा लायट पेटली हा, आणि चढाक गाडी वढणा नाय." कोड होता पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त पेट्रोल कमी. आधी एका ठिकाणी त्यांना ऑक्सिजन सेन्सर बदलून दिला होता, साडेचार हजार गेले, बत्ती पुसली, आठवड्याने परत पेटली. आता तो सेन्सर बिचारा काय करत होता? तो धुरात ऑक्सिजन जास्त आहे एवढंच सांगत होता, आणि ऑक्सिजन खरंच जास्त होता. खरं सांगणाऱ्यालाच काढून टाकलं की हो!

हे समजायला भाताचं उदाहरण देतो. तुम्ही मापट्याने तांदूळ मोजता आणि त्या हिशोबाने पाणी ठेवता. गाडीत तांदूळ म्हणजे हवा आणि पाणी म्हणजे पेट्रोल, एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एअर फिल्टरच्या पुढे नळीत एमएएफ सेन्सर असतो तो हे मापटं, त्यात एक बारीक तापलेली तार असते, हवा जाते तशी तार थंड होते, तिला परत तापवायला किती करंट लागला त्यावरून हवा मोजतात. कॉम्प्युटर तेवढ्यावर पेट्रोल सोडतो. मग ऑक्सिजन सेन्सर भात चाखून बघतो, कच्चा आहे म्हणाला तर कॉम्प्युटर पाणी वाढवतो, आणि किती टक्के वाढवलं तो आकडा मोबाईलवर फ्युएल ट्रिम म्हणून दिसतो. अधिक-उणे दहाच्या आत असेल तर ठीक. मला कोडपेक्षा हा आकडा जास्त प्यारा आहे.

आता मोजून झाल्यावर कोणीतरी मागून एक मूठ तांदूळ न मोजता टाकले तर? दोन माणसांचा भात असेल तर तो कच्चा राहणार, पण लग्नाच्या पंगतीचा भात असेल तर एका मुठीने काहीच बिघडत नाही. एमएएफ सेन्सरच्या पुढे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीला भोक पडलं की अगदी हेच होतं. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, इंजिन हवाच कमी ओढतं, तिथे चोरून आलेली हवा भारी पडते आणि ट्रिम वर जातो, अडीच हजार आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे तेवढे फेरे) नेलं की तो खाली येतो. गुरुजींच्या गाडीत आयडलला अधिक २४ आणि अडीच हजारला अधिक ७. म्हटलं सेन्सर नाही हा, भोक आहे कुठेतरी.

आणि भोक सापडेना! बॉनेट उघडून अर्धा तास बघतोय, सगळ्या क्लिपा घट्ट, नळी बाहेरून नवी असल्यासारखी. शेवटी पोराला म्हटलं ब्रेक दाबून गिअरमध्ये क्लच जरा सोड, म्हणजे इंजिन माउंटवर, त्याच्या रबरी बैठकीवर, डुलतं, तेव्हा त्या नळीच्या भात्यासारख्या घड्यांमध्ये खालच्या बाजूला एक चीर उघडली, इंजिन सरळ झालं की परत मिटली. (असं करताना गाडीच्या समोर कोणी उभं राहायचं नाही, मी पण बाजूला होतो.) हात घातला तर चिरेच्या कडेला दातांच्या खुणा, आणि बॅटरीच्या मागे काथ्या आणि भाताचा कोंडा असं व्यवस्थित घरटं! पावसात उंदराला आपल्या इंजिनाएवढी कोरडी उबदार जागा दुसरी मिळत नाही. नळी बदलली, बत्ती गेली ती गेली.

याच्या उलट केस चिरेखाणीवाल्याची. तोच कोड, पी०१७१, पण आयडलला अधिक ४ आणि फोंडा घाट चढताना अधिक १९. म्हणजे इथे मूठ नाही, मापटंच खोटं. पंगत जेवढी मोठी तेवढा फटका मोठा. फिल्टरचा डबा उघडला तर आतल्या स्वच्छ बाजूला जांभ्याच्या धुळीची तांबडी रेघ, कारण फिल्टर बदलताना कोणीतरी एक क्लिप अर्धवट लावली होती. ती धूळ तारेवर बसली, तारेला जणू गोधडी पांघरली, ती थंड होईना, आणि कॉम्प्युटरला वाटलं हवा कमी येतेय. एमएएफ क्लीनरचा स्प्रे मारला, वाळू दिला, संपलं काम. फक्त त्याच स्प्रेने हं, कार्ब क्लीनर नको, आणि तारेला कापूस, ब्रश, बोट काही लावायचं नाही.

बॅटरीची वायर काढून बत्ती घालवणारे हुशार पण इथे असतील, हसताय म्हणजे आहेत. बत्ती जाते, पण त्याच्याबरोबर ट्रिम पुसले जातात, आणि बिघाड झाला तेव्हा स्पीड किती, आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं याची जी नोंद कॉम्प्युटर ठेवतो ती पण जाते, मग माझ्याकडे आलात की मी काय बघू? आधी मोबाईलवर फोटो काढा, मग काय पुसायचं ते पुसा.

डिझेलवाल्यांना एवढंच सांगतो, तुमच्याकडे एमएएफचा आकडा मुख्यतः ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी सोय, सांभाळायला लागतो, त्यामुळे काळा धूर, ओढ कमी आणि चढावर शिट्टी असं असेल तर आधी टर्बोपासून, म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापासून, इंजिनापर्यंतची जाड नळी बघा, तेलकट काळा डाग दिसला की तिथूनच हवा सुटतेय.

आता मागून एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या छोट्या गाडीला एमएएफ नाहीच म्हणतात. बरोबर आहे, बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना नसतो, त्यांना एमएपी सेन्सर असतो, तो मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलेंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजतो. तिथे गळती झाली तर दाब वाढलेला त्याला दिसतो, तो पेट्रोल पण वाढवतो, म्हणून पातळ मिश्रणाचा कोड येईलच असं नाही, नुसतं आयडल चढतं. मग सेन्सर खरं बोलतोय का हे बघायची सोपी युक्ती म्हणजे इंजिन बंद, चावी ऑन, आणि आकडा वाचा, बाहेरच्या हवेचाच दाब दिसला पाहिजे. आपल्याकडे समुद्राजवळ तो साधारण १०० ते १०१ किलोपास्कल, कोल्हापूरला वर गेलात की ९५ च्या आसपास. मालवणात उभी गाडी ९० दाखवत असेल तर सेन्सर नाहीतर त्याची वायरिंग बघायची, खारी हवा कनेक्टरच्या पिना हिरव्या करून ठेवते. चालू केल्यावर गरम इंजिनाला आयडलवर तोच आकडा तीस-चाळीसवर यायला हवा.

ताई, गाडी बाहेर अंगणातच आहे ना? चला, डोंगल माझ्या खिशात आहे. चावी फक्त ऑन करा, स्टार्टर मारू नका, आधी बंद इंजिनाचा आकडा बघू.