बर्फावर गिरवताना

(टोरांटोजवळच्या एका मराठी मंडळात झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, ‘पडझडीतही हौस कशी टिकवावी’. त्याकडे येतेच. आधी सांगा, इथल्या किती जणांनी एकदा तरी बर्फावर चालवायचे स्केट्स घातलेत? अरे वा, निम्मं सभागृह! आता पहिल्याच दिवशी ज्यांनी रिंकचा, म्हणजे त्या बर्फाच्या मैदानाचा, कठडा सोडला, त्यांनीच हात वर ठेवा. (हशा) ते बघा, मागे दोन मुली आहेत. शाब्बास.

मी सेहेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली. पहिला अख्खा हिवाळा भाड्याच्या स्केट्सवर गेला, आणि त्याबद्दल मला आज मनापासून बोलायचंय. फिगर स्केटची ब्लेड जेमतेम चार मिलिमीटर जाड असते. तिच्या तळाला लांबीभर एक खोबण असते, म्हणून तिला दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची. सगळी कला या कडांवर चालते. कड बर्फात रुतली तरच पाय ढकलता येतो, वळता येतं. मला मिळायच्या त्या ब्लेडच्या कडा झिजून गोल झालेल्या. मी पाय ढकलला की तो बाजूला सटकायचा. प्रत्येक वेळी वाटायचं, आपलं वय झालं, आपला तोल गेला, हे आपल्यासाठी नाही. नोव्हेंबर ते मार्च मी स्वतःला दोष देत राहिले!

मग एका शनिवारी बाकावर शेजारी बसलेल्या सत्तरीच्या बाईंनी माझा स्केट हातात घेतला आणि ब्लेडची कड स्वतःच्या नखावरून हलकेच ओढली. धार असेल तर नख खरवडून किंचित भुगा निघतो. काही निघालं नाही. माझी आजी विळीची धार बघताना अशीच मान हलवायची. त्या म्हणाल्या, ‘तू नाही घसरत आहेस, हे घसरतंय.’ पुढच्या आठवड्यात मी स्वतःचे बूट घेतले, धार लावून घेतली, आणि पहिल्याच फेरीत पाय रुतला. मी तिथेच रडले. नवशिक्याला बोथट ब्लेड देऊन वर ‘प्रॅक्टिस करा’ म्हणणं हा अन्याय आहे, असं मला आजही वाटतं. किती जणांनी हौस तिथेच सोडली असेल!

आता माझा लाडका मुद्दा. आपल्याकडे एक सुंदर शब्द आहे, गिरवणं. पाटीवर बाईंनी काढलेल्या ‘अ’वरून पेन्सिल फिरवायची, परत फिरवायची, ‘अ’ जाडजूड होईपर्यंत. फिगर स्केटिंग मुळात हेच होतं. ‘फिगर’ म्हणजे बर्फावर ब्लेडनं काढलेली आकृती. इंग्रजी आठाचा (8) आकडा काढायचा आणि त्याच रेघेवरून पुन्हा जायचं, परीक्षक वाकून रेघा तपासायचे. १९७२च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाची ट्रिक्सी शूबा आकृत्यांमध्ये इतकी पुढे गेली की मुक्त स्केटिंगमध्ये, म्हणजे नाच-उड्यांच्या भागात, सातवी येऊनही सुवर्णपदक तिचंच. टीव्हीवर नाच आणि उड्या बघणाऱ्यांना ते पटेना. आकृत्यांचं वजन घटत गेलं, आणि १९९०मध्ये इथेच, कॅनडातल्या हॅलिफॅक्सला झालेल्या जागतिक स्पर्धेनंतर त्या मोठ्या स्पर्धांतून गेल्याच. मला याची हळहळ वाटते, कारण प्रौढ माणसाला शिकायला याहून चांगली वाट नाही. उडी आली की नाही आली, एवढंच कळतं. रेघ मात्र रोज थोडी सुधारलेली दिसते.

थांबा, वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच! बरं.

मग तीन गोष्टी भराभर. पहिलं, रेघ बघत राहा. दुसऱ्या वर्षी मी मागच्या बाजूला आपटले, हात मागे टेकला, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. हाड जुळलं, भीती राहिली. परत गेले तेव्हा ‘आधी जे येत होतं ते’ करायचं नाही असं ठरवलं. नुसती रेघ काढायची, वळून बघायची. रिंकवर गर्दीत सगळे घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात, त्यामुळे डाव्या पायाची बाहेरची आणि उजव्याची आतली कड तेवढी तयार होते. बाकीच्या दोन उपाशी राहतात. म्हणून गर्दी नसलेली वेळ शोधा आणि उलटंही फिरा. थ्री-टर्न नावाचं वळण असतं, पुढे जाता जाता एकाच पायावर मागे वळायचं. बर्फावर आपल्या ३सारखी, शेपटी नसलेली, रेघ उमटते. उजव्या पायावरचा माझा ३ आठ महिने वेडावाकडा येत होता. मी वहीत तारीख घालून त्याचा आकार काढून ठेवायचे. फेब्रुवारीचा आणि जूनचा शेजारी ठेवला, म्हणून टिकले. नाहीतर तेव्हाच सोडलं असतं.

दुसरं, पडायला शिका. गुडघे वाकवा, कुशीवर पडा, मुठी मिटा, हात मागे नको. हेल्मेट घाला, लाजू नका. साप्पोरोतच अमेरिकेची जॅनेट लिन फिरकीत पडली, हसत उठली आणि कांस्य घेऊन गेली.

तिसरं, सोबत शोधा. जर्मनीत ओबर्स्टडॉर्फला २००५पासून फक्त प्रौढांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते, अठ्ठावीस वर्षांपुढच्यांची. तिथे कुणी ‘या वयात?’ विचारत नाही.

हो हो, संपवते. रविवारी सकाळी आठला मी रिंकवर असते, नुकतंच बर्फ सारवलेलं असतं, एकही रेघ नसते. ज्यांना यायचंय त्यांनी या. लोकरीचे जाड मोजे मात्र घालू नका. बुटात पाय हलतो. पातळ मोजे घाला.