घासलेल्या रुपयाला पुन्हा रंग चढवताना

मंडळी, राणी छाप रुपया लक्ष्मीपूजनाच्या ताटात वर्षानुवर्षं चिंच-मिठाने घासून निघालेला असतो. तो संग्राहकाच्या हाती येतो तेव्हा अंग पांढरंफटक आणि राणीच्या गालावर बारीक ओरखडे. आज आपण याच नाण्याबद्दल बोलतोय. ज्याचा मूळ रंग शाबूत आहे, त्याला हात लावू नका.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. टाकसाळीत ठसा पडताना धातू काठाकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नाणं फिरवल्यावर प्रकाशाचा पट्टा फिरतो, तो या रेषांमुळे. आम्लाने किंवा घासण्याने त्या गेल्या की गेल्या. रंग चढवून फक्त तो उघडावाघडा पांढरेपणा झाकता येतो. ओरखडे तिरप्या उजेडात रंगाखालूनही दिसतात.

१९४० पूर्वीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात ९१.७ टक्के चांदी, उरलेलं तांबं. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. थर वाढेल तसा रंग बदलतो: फिका पिवळा, मधासारखा, मग जांभळट, निळा, आणि अति झालं की राखाडी-काळा. थांबायचं मधापाशी. निळ्या-जांभळ्याचा मोह भल्याभल्यांना होतो, पण जाणकाराला पहिला संशय तिथेच येतो.

निम्म्याहून जास्त प्रयोग तयारीत बिघडतात. नाण्यावर बोटांचं तेल राहिलं तर तिथे रंग वेगळा धरतो आणि तुमच्या अंगठ्याचा ठसा कायमचा छापला जातो. म्हणून शुद्ध ॲसिटोन घ्या. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या वाटीत दहा मिनिटं, मग दुसऱ्या वाटीत ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा. खिडकी उघडी, गॅस बंद. नंतर डिस्टिल्ड वॉटरने भरपूर धुवा, कारण चांदी उजळायचं द्रावण अक्षरांच्या कडेला दडून बसतं आणि पुढे तिथे तपकिरी डाग उमटतात. पुसायचं नाही, टिपकागदावर निथळू द्यायचं. यापुढे नाणं फक्त कडेने धरा.

आता अंडं, कारण उकडलेल्या अंड्यातूनही गंधकाची संयुगं सुटतात. बारा मिनिटं उकडायचं, सोलायचं, पिवळा बलक कुस्करून पूर्ण गार होऊ द्यायचा. गरम बलक बरणीत गेला की वाफ नाण्यावर जमते आणि प्रत्येक थेंबाखाली एक ठिपका येतो. सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. झाकणाच्या काचेच्या बरणीत तळाशी बलक, त्यावर उपडी छोटी काचेची वाटी, तिच्यावर नाणं. बलकाचा स्पर्श होता कामा नये. दर पाच मिनिटांनी बघा. हव्या छटेच्या किंचित आधीच बाहेर काढा, उलटा, दुसरी बाजू करा. पहिला हात घासून झिजलेल्या जॉर्ज पंचमच्या रुपयावर बसवा. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच, बाकी तांबं, निकेल, जस्त. त्याच्यावर हा अंदाज लागू पडत नाही.

घाई नसेल तर जुन्या खाकी पाकिटात नाणं ठेवून कोरड्या, उबदार कपाटात सोडून द्या. कागदातलं गंधक हेच काम सावकाश करतं. काही महिने लागतात, महिन्यातून एकदा बाजू बदलायची. येणारा रंग शांत असतो आणि माझ्या मते हाच मार्ग चांगला. गंधक जाळून धूर देण्याचा उद्योग मात्र घरात अजिबात नको. तो वायू छातीत भरतो.

रंग बिघडलाच तर ॲल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाणी वापरून थर उतरवता येतो. पण दर खेपेला चांदी आणखी निस्तेज होते, तेव्हा दोन-तीनदा हा खेळ नको.

शिवराईचं, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याचं, गणित वेगळं. चिंचेने गुलाबी झालेल्या तांब्याला अंड्याची गरज नाही. ॲसिटोनने धुऊन उघड्यावर, कोरड्या जागी ठेवा, ती हळूहळू तपकिरी होते. ‘श्री राजा शिव’ या अक्षरांच्या खाचांमधली माती टोकरून काढू नका, अक्षरं वाचता येतात ती तिच्यामुळेच.

विकताना ‘रंग पुन्हा चढवलेला’ असं पाकिटावरच लिहा. नैसर्गिक रंग उठावाच्या कडेला फिका पडत, अक्षरांभोवती सावलीसारखा जातो. बरणीतला सगळीकडे सपाट पसरतो. भिंगाखाली हे लपत नाही. आणि ते पाकीट मऊ पीव्हीसी प्लास्टिकचं नको, कालांतराने हिरवा चिकट थर येतो आणि पुन्हा ॲसिटोनपासून सुरुवात.