कुरिअरनं आलेली पिन

(दृश्य : टेबलावर खाकी पुडकं. कात्रीनं टेप कापणारे हात.)

खाकी पुडकं. आत फुग्याफुग्यांचं प्लास्टिक, त्याच्या आत बटणं ठेवतात तसली झिपची इवलीशी पिशवी. पिशवीत दोन पिना, बोटाच्या पेराएवढ्याही नाहीत. पावतीवर छापलंय, 'मशीनचा सुटा भाग, शोभेसाठी.'

शोभेची ही वस्तू बारा बोअरच्या दुनळी बंदुकीत बसते. चाप ओढला की घोडा हिच्यावर आदळतो आणि ही काडतुसाच्या बुडावरच्या टोपीला ठोका देते. फायरिंग पिन.

पुडकं आलंय ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागातल्या एका मराठी घरी. घर कोणतं ते सांगणार नाही. काकांचा चेहराही दिसणार नाही, फक्त हात दिसतील, तेही त्यांच्या परवानगीनं. बंदूक त्यांच्या वडिलांची, परवाना आता काकांच्या नावावर. डाव्या नळीचा बार दोनदा फुसका गेला. बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे जायचं तर काम महिनाभर पडून राहतं, त्यात काकांचे गुडघे. पुण्याच्या भाच्यानं मोबाइलवर शोधलं, पैसे भरले, चार दिवसांत माल घरपोच.

(दृश्य : किल्ल्याची भिंत, पहाट. खाली लष्करच्या गल्ल्या. दसऱ्याची गर्दी.)

ग्वाल्हेरात बंदुकीचा विषय काढायला प्रस्तावना लागत नाही. दौलतराव शिंद्यांची छावणी इथं पडली आणि तिचंच शहर झालं, म्हणून तर नाव लष्कर. रिक्षावाला 'जिन्सी नाला' म्हणून हाक देतो, त्यातली जिन्सी म्हणजे जड तोफांचा तोफखाना. दसऱ्याला मांढऱ्यांच्या मातेपाशी शमीपूजन होतं, शिंद्यांची तलवार फांदीला लागते आणि पानांसाठी झुंबड उडते. त्याच दिवशी घराघरांत बंदूक पाटावर येते. तिला हळदकुंकू, झेंडूचं फूल. पुढं निवडणुकीची आचारसंहिता लागली की हीच बंदूक कापडात गुंडाळून ठाण्यात जमा.

परवान्याची हौस तर विचारू नका. 2008 साली शेजारच्या शिवपुरीत नसबंदी करून घेणाऱ्याला परवान्यात झुकतं माप देण्याची योजना निघाली होती. 2019 मध्ये ग्वाल्हेरच्या कलेक्टरांनी अर्जदारांना सांगितलं, आधी 10 झाडं लावा, सेल्फी आणा. थंडी पडल्यावर गोशाळेला 10 कांबळी द्या, असंही झालं. त्या झाडांचं पुढं काय झालं ते चित्रित करायला आम्ही गेलो नाही.

(दृश्य : मिस्त्रींची खोली. भिंतीवर चौकटीत परवाना. कानशी, चिमट्यात धरलेली नळी.)

आम्ही गेलो तो या खोलीत. कॅमेऱ्याचे निम्मे दिवस इथंच गेले, हे आधीच कबूल करतो.

दुरुस्तीचा परवाना भिंतीवर, वडिलांच्या फोटोशेजारी. दारातून बंदूक आत आली की मिस्त्री, म्हणजे आमचे उस्ताद, आधी रजिस्टर ओढतात. मालकाचं नाव, परवाना क्रमांक, बंदुकीचा क्रमांक, काय बिघडलं, तारीख. त्यानंतरच हात बंदुकीला लागतो. आपण चाप म्हणतो, ते लबलबी म्हणतात. दस्त्याला कुंदा. घोडा मात्र दोन्हीकडे घोडाच.

काकांची बंदूक ते मोडून उघडतात, डोळ्याला लावतात आणि नळ्यांतून खिडकीकडे बघतात. मग नळ्या उलट्या करतात. खालच्या बाजूला नखाएवढे शिक्के आहेत, कॅमेऱ्याला भिंग लावल्यावरच दिसले. हे चाचणीचे शिक्के. नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार भरून नळी फुटत नाही ना हे बघायचं आणि मगच ठसा मारायचा. इंग्लंडात बर्मिंगहॅमला त्यासाठी 1813 पासून स्वतंत्र प्रूफ हाऊस आहे. जुन्या बंदुकांत काडतुसाची जागा पुष्कळदा 65 मिलिमीटरची असते, आजची काडतुसं सर्रास 70 ची. लांब काडतूस आखूड जागेत बसल्यासारखं वाटतं, पण उडताना तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब चढतो. कुठलं काडतूस चालेल हे सांगणारा शिक्का नळीच्या पोटावर असतो. सुट्या विकल्या जाणाऱ्या नळीच्या फोटोत ही बाजू सहसा नसतेच.

(दृश्य : चिमणीची ज्योत. लोखंडावर चढणारी काजळी. आवाज नैसर्गिक ठेवावा.)

नळ्या जिथं बिजागरीला भिडतात तो भाग उस्ताद रॉकेलच्या चिमणीवर धरतात. काजळी चढते, मखमलीसारखी. सांधा जोडायचा, दाबायचा, पुन्हा उघडायचा. जिथली काजळी पुसली गेली तिथं लोखंड लोखंडाला टेकतंय. तिथंच कानशीचा एक हलका हात. पुन्हा चिमणी, पुन्हा काजळी. आमच्या फुटेजमध्ये ही फेरी अकरा वेळा आहे. तुम्हाला तीनच दाखवतोय, पण मला अकराही आवडल्या होत्या.

(दृश्य : भिंगाखाली पिनेचं टोक.)

आता कुरिअरची पिन. उस्ताद ती बंदुकीत घालतच नाहीत. आधी काचेच्या तुकड्यावर लोळवतात. पिन थरथरत, लंगडत जाते, म्हणजे सरळ नाही. मग अंगावर कानस टेकवतात आणि कानस खिळ्यावर चालावी तशी चालते. मऊ लोखंड. शेवटी भिंग. टोक मसुरीच्या पाठीसारखं गोल हवं, इथं सरळ कड आहे. शेजारी त्यांनी जुनी पिन ठेवलीय, साठेक वर्षं वापरलेली. फरक सांगायला निवेदकाची गरज नाही.

लांब किंवा टोकदार पिन टोपी फोडते आणि तापलेला वायू नळीतून पुढं जायच्या ऐवजी मागं डोळ्यांवर येतो. आखूड पिनेनं ठोका अर्धवट बसतो. कधी काडतूस क्षणभर थांबून उडतं, आणि तेवढ्यात कुणी बंदूक उघडलेली असली तर बोटं जातात.

(दृश्य : मोबाइलचा पडदा, नावं पुसलेली.)

विकणाऱ्याला आम्ही तीनदा निरोप धाडला. पहिल्याला उत्तर आलं, 'किती हवेत?' नंतर खातंच गायब. त्याचा चेहरा, दुकान, गाव, आमच्याकडे काहीच नाही. पैसे घेऊन माल न पाठवणारेही याच गर्दीत असतात. आणि अशी फसवणूक झालेला माणूस ठाण्यात जाऊन नेमकं काय सांगणार?

भाच्याला वाटलं, सुटा भागच तर आहे, बंदूक थोडीच. त्यानं व्हिडिओ बघितले होते ते अमेरिकेतले. तिथं कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे मुख्यतः क्रमांक असलेला सांगाडा, बाकीचे बहुतेक भाग टपालानं मिळतात. तरी तिथल्याही मोठ्या बाजारांनी हात आखडले. ईबेनं 2007 मध्ये नळ्या, पिना, मॅगझिन यांची विक्री बंद केली, फेसबुकनं 2016 मध्ये लोकांची आपसांतली बंदूक-विक्री बंद केली. घरी जोडायच्या किटांवर 2022 साली सरकारी नियम आला, तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये उचलून धरला.

आपल्याकडे गोष्ट सुरुवातीपासूनच वेगळी. 1959 च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे भागही येतात, आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा. किरकोळ भागांना सूट आहे, पण ते दुसऱ्या पूरक भागांबरोबर वापरायचे नसतील तरच. काकांची पिन तर दुनळीत बसवायलाच मागवलेली. 'अँटिक आहे' ही पळवाटही दिसते तेवढी रुंद नाही. दुरुस्त करूनही जी चालणार नाही, तिलाच कायदा सोडतो. परवान्याशिवाय विकणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. विकणाऱ्याकडे परवाना नाही हे माहीत असून घेतलं, तर घेणाऱ्यासाठी वेगळं कलम, 29. परदेशातून मागवलं तर आयातीचा परवाना वेगळा.

(दृश्य : नळीवर कोरलेला क्रमांक, अगदी जवळून.)

सगळं अडतं ते या आकड्यांवर. 30 जानेवारी 1948 ला दिल्लीत झाडल्या गेलेल्या बेरेटा पिस्तुलाचा क्रमांक होता 606824. त्या खटल्यात ग्वाल्हेरचं नाव आलं. इथल्या मराठी मंडळींत तो विषय अजून आवाज खाली घेऊनच निघतो. पण क्रमांक होता.

पिनेला, स्प्रिंगला, चापाला क्रमांक नसतो. 2018 मध्ये बिहारात मुंगेरला एके-47 रायफली सापडायला लागल्या, आणि माग निघाला इथल्याच मध्य प्रदेशात, जबलपूरच्या ऑर्डनन्स डेपोपर्यंत, म्हणजे लष्कराच्या शस्त्रकोठारापर्यंत. बाद रायफलींचे भाग बाहेर काढून, जोडून विकले, असा आरोप आहे. तपास पुढं एनआयएकडे, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. तिथं डेपोचं फाटक तरी ओलांडावं लागत होतं. पुडक्याला फाटक नाही.

(दृश्य : उस्ताद रजिस्टरमध्ये लिहितायत.)

उस्तादांनी काकांच्या नावापुढं लिहिलं, 'डावी पिन, नवी करणे.' त्यांच्या हाताखाली आता कुणी शिकत नाही. मुलगा मोबाइल दुरुस्त करतो, दुकान समोरच. तो दिवसाला वीस मोबाइल उघडतो, यांच्याकडे महिन्याला पाच-सहा बंदुका येतात. परवानाधारक माणसाला हक्कानं जाता येईल अशी ही जागा, आणि ती चालवायला मागं कुणी नाही. या व्हिडिओत तिला इतकी मिनिटं का दिली, असं आमच्या संपादकानं विचारलं होतं.

कुरिअरच्या दोन्ही पिना उस्तादांनी ठेवून घेतल्या नाहीत. 'हे माझ्या वहीत कुठल्या रकान्यात लिहू?' एवढंच म्हणाले.

(दृश्य : ठाण्याचं फाटक, बाहेरून. काकांची पाठ, हातात पुडकं.)

दुसऱ्या दिवशी काका स्वतः ठाण्यात गेले. भाचा पुण्याहून फोनवर. पिशवी, पावती, परवान्याची झेरॉक्स, सगळं एका फायलीत लावलेलं. कॅमेरा आत नेऊ दिला नाही. काका पावणेदोन तासांनी बाहेर आले, हात मोकळे होते. आधी चहा मागितला.