वाफा, पॅच आणि २००२ ची धास्ती

छातीतून वाफ उठते. मान, कान, चेहरा तापतो. दोन-चार मिनिटांत घामाने पाठ भिजते आणि घाम वाळला की हुडहुडी भरते. हे भर मीटिंगमध्ये होतं, गाढ झोपेतही होतं. पाळी जाण्याच्या काळात बहुतेकींना वाफा येतात. कुणाच्या वर्षभरात थांबतात, कुणाला सात-आठ वर्षं छळतात. सांगायला गेलं की ठरलेलं उत्तर : ‘वयच आहे.’

इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटलं की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग हळवा होतो. अंग जरासं तापलं तरी तो घाम सोडायला लावतो. एचआरटी (हार्मोन रिप्लेसमेंट थेरपी) म्हणजे ते इस्ट्रोजेन बाहेरून देणं. गर्भाशय शाबूत असेल तर जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतंच. नाहीतर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

जुलै २००२. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या संशोधन-प्रकल्पाने १६,६०८ बायकांवरची, दोन्ही हार्मोन्सची चाचणी मुदतीआधीच थांबवली. स्तनांचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या... मथळे जगभर गेले आणि लाखो बायकांनी गोळ्या सोडल्या. धोका खरा होता. पण केवढा? स्तनांच्या कर्करोगाच्या वर्षाला दर १०,००० बायकांमागे ८ केसेस जास्त. आणि चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३! पन्नाशीत वाफांनी बेजार झालेलीचा हिशेब वेगळा असतो, हे सांगायची तसदी फार थोड्यांनी घेतली.

आज डॉक्टर आधी विचारतात : वय साठीच्या आत आहे का? पाळी जाऊन दहा वर्षं झालीत का? स्तनांचा कर्करोग होऊन गेला असेल, तर सहसा दुसरे उपाय बघतात.

गोळीऐवजी पॅचही मिळतो. ओटीपोटावर चिकटवायचा, बहुतेक पॅच आठवड्यातून दोनदा बदलायचे. औषध कातडीतून थेट रक्तात जातं, त्यामुळे गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी. कडेला मात्र कपड्यांचे धागे चिकटून काळी रेघ उमटते, खाजही सुटते. सुरुवातीला स्तन दुखतात, मध्येच रक्ताचा डाग दिसतो. तेवढ्यावर काहीजणी सोडून देतात. काहींना मात्र काही आठवड्यांतच सलग झोप लागायला लागते, आणि मग पॅचची खाज परवडते.

दरवर्षी प्रश्न निघतोच : आता बंद करायचं? बंद केल्यावर काहींच्या वाफा परत येतात. मग पुन्हा डॉक्टरांकडे, पुन्हा डोसची चर्चा.